सड्यावरची शिकवणी

अंबिकाबाईंचा नियम एकच : एका वेळी एकच मूल. महाडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी फोनवर चित्रकलेची शिकवणी सुरू केली, तेव्हा लोक म्हणाले, दहा-वीस पोरं एकदम बसवा की! बाई फणकारल्या, "पोरं म्हणजे काय कोंबड्या, एका डालग्याखाली झाकायला?" प्रत्येक मुलाचा हात वेगळा, खोड वेगळी, हे त्यांचं ठाम मत. मत ठाम होतं खरं. पण कुडपणच्या दर्शनाच्या बाबतीत बाईच ते विसरल्या.

दर्शना सातवीतली. घरात बोलण्यापुरती रेंज यायची, व्हिडिओ काही चालायचा नाही. म्हणून दर सोमवारी ती वाडीच्या वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर जायची आणि कातळावर फोन टेकवून बसायची. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. बाईंनी गावाचं चित्र काढायला सांगितलं, तर पोरीनं काढलं भलतंच! आकाशाचा पत्ता नाही, कागदभर जमीन आणि घरांचे नुसते पत्रे.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "आधी आकाश, मग डोंगर, मग दार-खिडक्यांची घरं. पुन्हा काढ."

तीनदा काढलं, तिन्ही वेळा तसंच. "अगं, डोकं आहे की खोकं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या सोमवारी फोन उचलला तो तिच्या आजीनं, रंगूबाईनं. "ती नाय यायची आता. तिला जमत नाय, तुमीच म्हनता ना? पोर दोन दिस जेवली नाय, बाई. फोन मी काडून घेतलाय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या जिभेपायी एक पोर चित्र सोडणार? छे, हे होऊ द्यायचं नाही! मुलगा मुकुल म्हणाला, "आई, गुडघे बघ तुझे." गुडघे गेले खड्ड्यात, म्हणत बाईंनी दुसऱ्या सकाळी पोलादपूरची एसटी धरली आणि तिथून कुडपणची जीप.

रंगूबाई लाकडांना गेली होती. दर्शना दारात उभी, गाल फुगलेले.

"माझ्याशी बोलू नकोस हवं तर," बाई म्हणाल्या. "पण तू बसतेस ती जागा दाखव."

सड्यावर पोचून बाईंनी खाली पाहिलं आणि त्या मटकन बसल्याच. सगळी वाडी पायाखाली. नुसते पत्रे, एका घराचं दार दिसेल तर शपथ! घार उडत होती, तीही खाली.

बाईंनी दोन्ही कान धरले. "तू बरोबर होतीस गं. चुकले ती मी." तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्या कुणा विद्यार्थ्यापुढे बोलल्या नव्हत्या. "काढ आता. मी तोंड उघडणार नाही."

तासभर गप्प बसणं बाईंना चढणीपेक्षा जड गेलं. चारदा जीभ वळवळली, चारदा त्यांनी ती चावली.

तेवढ्यात धापा टाकत रंगूबाई वर आली, कमरेला फोन खोचलेला. "घर उघडं टाकून हितं काय चाललंय? फोन नाय द्यायची मी, सांगून ठेवते!"

"नको देऊ," दर्शना पेन्सिल न थांबवता म्हणाली. "पन मी चित्र सोडनार नाय, आजी. कुनी शिकवलं तरी, नि नाय शिकवलं तरी."

 रंगूबाई कागदावर वाकली. "ह्यो आपला पत्रा. ही पान्याची हीर. नि वाटंवर ह्ये काडक्यांचं काय गो?"

"तू हायस ती. मोळी घेऊन आलीस ना आता, तवा काडली."

"मी? मी कुटं दिसतेय?"

"वरनं नाय दिसत, आजी. नुसती मोळीच दिसते."

रंगूबाईनं त्या चार रेघांवरून बोट फिरवलं. मग तिनं कमरेचा फोन काढून नातीच्या हातात कोंबला आणि बाईंकडे वळली.

"बाई, हिला मानसाचं तोंड काडायला शिकवा. लवकर शिकवा."