काळीजवाल्यांची चौथी ओळ

बायको चेड्झा जूनमध्ये गेली, पण तिच्याबरोबर आणखी काय गेलं हे झिबानीला कळलं सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, मोपानीच्या झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या चघळत अंगणात बसला असताना. नात तिबोने फ्रान्सिसटाउनहून आली होती. तिला मागणी घालायला सीमेपलीकडची माणसं शनिवारी यायची होती. बोलणी सुरू होण्याआधी मुलीकडच्या म्हाताऱ्यानं उभं राहून आपलं कूळ सांगायचं असतं: कुठून निघालो, कुठली नदी ओलांडली, कुठल्या टेकडीशी थांबलो. कुळाला नाव एखाद्या प्राण्याचं किंवा अवयवाचं, आणि ज्याचं नाव ते खायचं नाही, अशी रीत.

"एकदा म्हणून दाखवा की, आजोबा," तिबोने म्हणाली.

झिबानी उठला, खाकरला.

"आम्ही काळीजवाले, काळीज न खाणारे. दगडावर दगड रचणाऱ्यांची लेकरं. बियाणं डोक्यावर घेऊन निघालो, शाशे नदीच्या वाळूत आलो..."

आणि थांबला. थांबून वाट बघू लागला.

"पुढं?" तिबोनेनं विचारलं.

"पुढं तुझी आजी होती," झिबानी म्हणाला आणि खाली बसला.

गोष्ट अशी होती की एक्केचाळीस वर्षं झिबानी कूळ सांगायचा तेव्हा चेड्झा मागे चटईवर बसून ओठातल्या ओठात पुढची ओळ पुटपुटायची. बायकोला नवऱ्याच्या कुळाचा केवढा अभिमान, असं गाव म्हणायचं. डोंबोचेना गावात झिबानीच्या स्मरणशक्तीचा दाखला देत. शाळेत त्याला दरवर्षी बोलावत. ऐकून ऐकून त्याचाही विश्वास बसला होता की हे आपल्याला पाठ आहे.

"त्यांच्याकडून बोलायला दुमानी म्हणून कुणी येणार आहे," तिबोने म्हणाली. "फार चिकित्सक माणूस आहे. कूळ सांगता आलं नाही तर म्हणेल, ही माणसं मागच्या वर्षी बसनं आली असतील. आणि उठून जाईल."

झिबानी काठी घेऊन मेव्हण्याकडे निघाला. चेड्झाचं माहेर हत्तीवाल्यांचं. तिचा भाऊ मासालिला गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि प्रत्येक समारंभाला सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

"या दाजी. वाट चुकलात?"

"आमचं कूळ म्हणून दाखव."

मासालिलानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कूळ? मी?"

"तुझी बहीण म्हणायची तेव्हा तू शेजारी खात बसलेला असायचास. कानात काहीतरी गेलंच असेल."

"एक्केचाळीस वर्षांत एकदाही शिकून घ्यावंसं वाटलं नाही?"

"ती होती ना," झिबानी म्हणाला.

मासालिला उठला. आत जाऊन ज्वारीच्या बियरचा भोपळा घेऊन आला. तीन दिवस मारुलाच्या झाडाखाली त्यानं दाजींकडून ओळी घोकून घेतल्या. चौथी ओळ सांगताना मात्र तो दर वेळी भोपळा तोंडाला लावायचा. झिबानीला वाटलं, तहान लागली असेल.

शनिवारी पाहुणे आले. रीतीप्रमाणे फाटकाबाहेर बराच वेळ ताटकळले, मग आत आले. दुमानी उंच होता, उन्हातही कोट घालून आला होता. झिबानी उभा राहिला आणि बोलू लागला.

"...शाशेच्या वाळूत आलो, जीभ टाळ्याला चिकटली. हत्तीवाल्यांच्या लेकीनं पाणी दिलं, आधी गुरांना, मग आम्हांला. तेव्हापासून आमच्या बैलाचं काळीज हत्तीवाल्यांचं..."

टेकडीपर्यंत तो एकदाही अडखळला नाही. तिबोनेनं सुटकेचा निःश्वास सोडला.

दुमानी म्हणाला, "काका, रागावू नका. माझ्या आईची आई काळीजवाली होती. हे मी तिच्या मांडीवर ऐकलंय. शाशेपर्यंत सगळं बरोबर. पण तिथं हत्तीवाले कुठून आले?"

मासालिला छपराचं गवत न्याहाळू लागला.

"तुमच्या आजीच्या तोंडी काय होतं?" झिबानीनं विचारलं.

"आजोळचं कूळ सोयरिकीच्या बैठकीत उच्चारायचं नसतं. पण हत्ती नव्हता. पाणी देणारी लेक तर नव्हतीच."

झिबानीनं मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा अजून छपरातच होता. आणि मग झिबानीला ती दुपार आठवली. तो तेवीस वर्षांचा होता. हरवलेला बैल शोधत शाशेच्या कोरड्या पात्रात उतरला होता. वाळूत खणलेल्या खड्ड्यातून एक मुलगी गुरांना पाणी पाजत होती. यानं पाणी मागितलं. ती म्हणाली, रांगेत उभा राहा. नऊ गाई प्यायल्या, एक गाढव प्यालं, मग याची पाळी आली.

तो तहानलेला पूर्वज कोण, ते त्याला आता कळलं. एक्केचाळीस वर्षं तो सरदार, शिक्षक, सोयरे यांच्यापुढं छाती काढून स्वतःचीच फजिती गात होता.

बायको खोटं बोलली म्हणावं, तर मेलेल्या बाईची भर अंगणात चेष्टा. ओळ खरी म्हणावी, तर दुमानी उठला असता. तिबोने त्याच्याकडेच बघत होती.

"पाणी दिलं हे खरं आहे," झिबानी म्हणाला. "पिणारा मीच होतो."

"तुम्ही? हे दोनशे वर्षांपूर्वीचं ना?"

"त्रेचाळीस. माझ्या बायकोनं घुसडलंय. आणि तिनं लाज राखलीय माझी. गाढवाचं नाव घेतलेलं नाही. ते माझ्या आधी प्यालं."

पहिल्यांदा चटईवरच्या बायका हसल्या. मग पाहुणे. दुमानीनं कोटाची बटणं सोडली आणि डोळे पुसले.

"म्हणजे या घरातल्या बायका इतिहासात हात घालतात," तो म्हणाला. "ही मुलगी आमच्याकडे आली की आमच्या पणजोबांचं काही खरं नाही." मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "बसा, बोलणी करू."

संध्याकाळपर्यंत सगळं ठरलं. त्यासाठी कापलेल्या बैलाचं काळीज थाळीत पडून होतं. मासालिला थाळीपासून हातभर अंतर ठेवून बसला होता. असा तो कधी बसत नसे.

"तुला कधीपासून माहीत होतं?" झिबानीनं विचारलं.

"तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या बैलापासून. ताई म्हणाली, गप्प बस आणि खा."

"आणि तू खाल्लंस."

"मोठ्या बहिणीचा शब्द मोडवत नाही, दाजी."

झिबानीनं थाळी त्याच्याकडे सरकवली. "खा. तिनं सांगितलंय ना."

महिनाअखेरीला शाळेनं त्याला पुन्हा बोलावलं. त्यानं चौथी ओळ चेड्झानं घातली होती तशीच म्हटली, फक्त गाढव वाढवलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दुमानीची आजी गेली, पण तिची धाकटी बहीण सीमेपलीकडे आहे. नव्वदीची आहे, आणि जुनी ओळ तिला येते. तिच्याकडे जाऊन ती ऐकून यायची आहे. झिबानी अजून गेलेला नाही.