आत्याचं टिंग

आत्या वाद्यवृंदात ट्रँगल वाजवायची. ट्रँगल म्हणजे वाकवलेल्या सळईचा त्रिकोण. बारा मिनिटांच्या रचनेत तिला एकदाच, अकराव्या मिनिटाला, टिंग करायचं असे. त्या टिंगसाठी ती आठवडाभर घसा जपायची. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

पण संचालकांनी आत्याच्याच घरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, "ट्रँगल कुठंय? ऐकूच येत नसेल तर खुर्ची कशाला अडवायची?" आज चार वाजता ते पुन्हा ऐकायला येणार होते.

तीन वाजता धाकटीने, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भाचीने, अ‍ॅम्प्लिफायर उघडला. तिचा संशय फीडबॅकच्या कपॅसिटरवर, म्हणजे आवाजाला लगाम घालणाऱ्या एका चिमुकल्या भागावर होता. त्याचा आकडा मोठा असला तर तो बारीक स्वर गिळतो. फार लहान असला तर अ‍ॅम्प्लिफायर माणसाला ऐकू न येणारी शीळ घालत तापत बसतो. तो बसवला होता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी.

"काका, मी शंभरचा सांगितला होता ना?"

"शंभर सापडेना. एकशे दोनचा घातला. घरचंच काम, दोन जास्त गेले तर गेले."

धाकटीने भिंग लावलं. कपॅसिटरवर १०२ छापलं होतं. "यातला शेवटचा आकडा म्हणजे पुढे द्यायची शून्यं. दहावर दोन शून्यं. हा हजाराचा आहे, काका."

काका विचारात पडले. "आपल्या घराचा नंबर एकशे तीन आहे. मग तो?"

"दहा हजार."

काका उठून दार बघून आले.

धाकटीने आधी दहाचा लावून पाहिला. आवाज झकास. पण शेजारी झोपलेला बोका उठला, सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि खिडकीतून निघून गेला. अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला तर चटका.

"शीळ घालतोय," धाकटी म्हणाली.

"ते बघायचं तुझं यंत्र कुठंय?" आत्याने विचारलं.

"बिघडलंय. बोका चालेल."

सत्तेचाळीसवर बोका खिडकीपर्यंत आला, पण कान बाहेरच ठेवले. शेवटी तिने स्वतःच्या रेडिओतला एक काढला. त्यावर १०१ होतं.

"एकशे दोनने वाट लावली," काका म्हणाले, "आता एकशे एकने काय दिवे लागणार?"

"दहावर एक शून्य, काका. शंभर."

बोका आत आला, वेटोळं करून घोरू लागला.

चारला संचालक आले. सगळे अकरा मिनिटं स्पीकरकडे डोळे लावून बसले. आणि मग, काचेसारखं स्वच्छ, टिंग!

आणि त्याच्या पाठोपाठ, तितकंच स्वच्छ, आत्याचं "हुश्श!"

कुणी कुणाकडे बघेना. "मी बसवलेला काय वाईट होता?" काका पुटपुटले. "अब्रू तरी झाकत होता."

संचालकांनी तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. मग पेन्सिल काढून स्वरलिपीत ट्रँगलच्या ओळीवर लिहिलं : टिंग, हुश्श.

"खुर्ची राहू दे," ते म्हणाले. "दोन्ही ठेवू. फक्त हुश्श जरा तालात घ्या."

आत्याने काकांकडे वळून पाहिलं.

"बघितलंस? घसा काय उगाच जपत होते?"