फेट्यांसाठी जागा

"ह्याचा पडदा केवढा?"

"सतरा इंच."

"आनि त्याचा?"

"पंधरा. पण दाजी, पडद्याचं सोडा हो. पंधराचा घेतला तर त्याच पैशात बाहेरनं लावायची मोठी हार्डडिस्क येती. दोन्ही न्हाय बसत आपल्याला. तासभर शूटिंगला तेरा जीबी लागत्यात. ह्या सतराच्या पोटात तीन तास मावलं तर नशीब."

बोलणारा सम्राट हा केरबाच्या बायकोचा भाऊ. पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता, त्यामुळे घरात त्याचं कुणी ऐकत नसे.

केरबानं हार्डडिस्क तळहातावर घेतली आणि गुळाचा खडा जोखावा तशी वरखाली केली.

"ह्यो काळा डबा मांडवात कोन बघनार? लोक पडदा बघत्यात."

"पावणं बरोबर बोलत्यात," दुकानदार म्हणाला. सतरा इंची लॅपटॉप दिवाळीपासून त्याच्या काचेत धूळ खात होता. गिऱ्हाईक बरोबर बोलायची तो वाटच बघत होता.

केरबानं सतरा इंची घेतला.

शिवाजी पेठेत केरबाचं व्हिडिओचं दुकान होतं. नव्वद सालापासून त्यानं जिल्ह्यातल्या शेकडो लग्नांचं चित्रण केलं होतं, आणि त्यातून सावरून ते संसार चालले होते ही त्या जोडप्यांची पुण्याई. कमळ उमललं की त्यातनं नवरी निघे; पन्हाळ्यामागं सूर्य उगवला की त्यात नवऱ्याचं तोंड दिसे. लोकांना हे आवडे. ज्यांना आवडत नसे ते पैसे बुडवत, आणि ज्यांना आवडे तेही.

आता दोन हजार सहा साल होतं आणि नवी फॅशन आली होती : सकाळी लग्न, आणि संध्याकाळी वऱ्हाड निघायच्या आत तेच लग्न कार्यालयात पडद्यावर. म्हणजे एडिटिंग मांडवातच करायचं. लॅपटॉप त्यासाठी. पहिलीच ऑर्डर मुरगूडच्या भाऊसोंची.

भाऊसो कुठल्याही पदावर नव्हते. सगळ्या निवडणुका लढवून सगळ्यांत पडले होते. पण पदावरच्या, पदावरून उतरलेल्या आणि पदावर चढू बघणाऱ्या प्रत्येक माणसाला फेटा बांधायची त्यांची तयारी असे. मुलीचं लग्न ही त्यातल्या त्यात स्वस्त सभा होती.

लग्नाच्या सकाळी केरबा कॅमेरा घेऊन कार्यालयाच्या मुदपाकखान्यात शिरला. तिथं आक्का नवरीला, स्वप्नालीला, दहीभात भरवत होती. आक्का ही भाऊसोंची थोरली बहीण. स्वप्नालीची आई ती रांगत असतानाच गेली; तेव्हापासून पोरीला वाढवलं ते आक्कानं. आक्का विधवा, म्हणून हळदीला ती नको, ओटीला नको, स्टेजवर तर नकोच. भांडी, निवडटिपण आणि पाहुण्यांचा चहा यांना मात्र आक्काचं वैधव्य चालत असे.

नवरी रडत होती आणि आक्का तिच्या तोंडात घास कोंबत होती.

"गीळ आदी. मागनं रड. उपाशीपोटी रडून चक्कर आली तर त्ये बी माझ्याच नावावर."

स्वप्नाली भरल्या तोंडानं हसली. मग दोघीही हसल्या. केरबानं दहा मिनिटं चित्रण केलं. या माणसाच्या हातून चुकून एखादी चांगली गोष्ट होई, ती अशी.

"केरबा, घेतलंस न्हवं रं?"

"घेतलं की आक्का. झ्याक आलंय."

"मला कोन वर बोलवनार न्हाय. माझं ह्या लग्नात येवढंच हाय बग. दावशील न्हवं मला?"

"दावतो की! ह्ये काय बोलनं झालं?"

केरबाकडं टेपा चारच होत्या. भरलेली टेप जुन्या कॅमेऱ्यातनं सम्राटनं लॅपटॉपमध्ये ओतायची, आणि तीच टेप घेऊन केरबानं पुन्हा शूटिंगला जायचं. दर लग्नाला कोऱ्या टेपा घेणाऱ्यांना तो उधळे समजे.

मग सत्कार सुरू झाले. संचालक, माजी संचालक, संचालकांचे मेव्हणे. फेटा, नारळ, टाळ्या. मुहूर्त येऊन गेला. त्याला फेटा नसल्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही. अंतरपाट धरणारे दोघे हात बदलून बदलून दमले. शेवटी एकदाच्या अक्षता पडल्या, तेवढ्यात बाहेर दोन जीप थांबल्या आणि आणखी एक पुढारी उतरला. सत्कार पुन्हा सुरू.

"दाजी, जागा संपली," खोलीत लॅपटॉपसमोर बसलेला सम्राट म्हणाला. "कायतरी उडवाय लागतंय. दहा मिनिटांचं."

भाऊसो दारातच उभे होते. "केरबा, माझा एकबी फेटा कापायचा न्हाय हां! मंडळी सांजच्याला सोताला बघाय थांबल्यात."

केरबानं फार विचार केला नाही. ती सवय नव्हती.

"त्ये सैपाकघरातलं उडव."

"आक्काचं? टेपवर तरी हाय न्हवं?"

"टेपवर आता फेटं हायत."

सम्राटनं त्याच्याकडं बघितलं. "त्यासाठीच म्हनत हुतो, डिस्क घ्या."

"उडव म्हनलं न्हवं!"

'नक्की?' असं लॅपटॉपनं इंग्रजीत विचारलं. त्या दिवशी कार्यालयात कुणाला तसा प्रश्न पडायची ती पहिलीच वेळ. सम्राटनं बटण दाबलं.

संध्याकाळचा खेळ जोरात झाला. प्रत्येकानं आपापला फेटा बघितला आणि आपला संपला की तो जेवायला गेला.

महिन्याभरानं आक्का मुरगूडच्या एसटीनं आली आणि दुकानात येऊन स्टुलावर बसली. पोरगी हुपरीला दिली होती. चांदीवाल्यांच्या घरात कामाचा रगाडा, अजून माहेरी आली नव्हती.

"दाव की रं. दहीभाताचं."

केरबानं शूटिंग लावलं. फेटे सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या फेट्याला म्हातारी कंटाळून उठेल, असा त्याचा हिशोब होता. म्हातारी ताठ बसून राहिली. शेवटी तोच म्हणाला, "आक्का, त्ये मशीननं खाल्लं बगा."

"मशीननं?"

"व्हय."

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. केरबा लॅपटॉपवरची धूळ पुसू लागला, धूळ नव्हती.

"बरं," आक्का म्हणाली.

ती उठली नाही. पडद्यावर आणखी एका पुढाऱ्याला फेटा बांधून झाला, तशी ती एकदम पुढं वाकली.

"थांबीव. जरा मागं घे."

केरबानं मागं घेतलं. स्टेजच्या खालून, पडद्याच्या कोपऱ्यातून, एक हात वर आला. बांगड्यांविना मोकळं मनगट, तळव्यावर नारळ. भाऊसोंनी न बघताच नारळ उचलला. हात खाली गेला.

"माझा हाय त्यो हात. खालनं नारळ मीच देत हुतो न्हवं का."

केरबा पडद्याजवळ वाकून बघू लागला.

"फुडं अजून किती जनांला नारळ दिलाय रं?"

"लई हायत, आक्का."

"असूंदेत. लाव."

आणि तिनं स्टूल जरा पुढं ओढून घेतलं.