एकाच घरचे दोन बिघाड

“म्हणजे तुम्ही बाळाच्या नक्की कोण?” डॉक्टर मंजुश्रीनं पेन थांबवून विचारलं.

“बापाकडनं आजी, आईकडनं पणजी,” बसम्मा म्हणाली. “दोन्ही लिवा.”

डॉक्टर गोल आणि चौकोन काढून घरातली माणसं मांडत होती. एक रेघ लेकीकडून खाली आली, दुसरी लेकाकडून आली, आणि दोन्ही ऋतुजापाशी मिळाल्या. दोन्ही रेघांच्या वर एकच गोल होता, बसम्माचा.

शेजारी रुद्राणी दीड वर्षाच्या ऋतुजाला मांडीवर आवळून बसली होती. रुद्राणी ही बसम्माच्या लेकीची लेक, आणि धाकटा लेक शिवप्रसाद याची बायको. भाची मामाला द्यायची चाल त्यांच्यात जुनी. हे लग्न बसम्मानंच जुळवलं होतं. पोरीनं परक्याच्या उंबऱ्यावर जाऊन बोलणी का खावीत, आपल्याच घरी राहील, सासू म्हणून आजीच मिळेल, एवढाच तिचा विचार. पहिली काही वर्षं तो कुणाला चुकीचा वाटला नाही.

मग शिवम झाला आणि पांढरा पडत गेला. थॅलेसेमिया. दर महिन्याला नांदेडला न्यायचं, बाटलीभर रक्त चढेपर्यंत त्याचा हात धरून बसायचं. चार वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि त्यातच तो गेला. आईबाप दोघांच्या अंगात एकच बिघाड लपून होता, असं तिथं सांगितलं. तो एकाच घरातून आला होता.

त्यानंतर रुद्राणी आजीशी, तिच्या अव्वाशी, कामापुरतं बोलायची. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर बसम्मा ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकायची. पहाटे दोघी एकाच चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या, तव्यावरची उतरवून विस्तवाच्या कडेला उभी करायच्या, पापडासारखी वाळेपर्यंत फिरवायच्या. काम जुळायचं, बोलणं नाही. ऋतुजा झाली, तरी पोर बसम्माच्या मांडीवर आली नाही. रुद्राणी भांडत नव्हती. नुसती उचलून आत न्यायची.

ऋतुजाच्या रक्तातही दोन्हीकडचा बिघाड निघाला होता. शिवमचं जे निघालं होतं तेच. म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला मागितलं, आणि आज लातूरला बोलावलं.

“रगत कधी सुरू करायचं?” रुद्राणीनं विचारलं. मनाची तयारी करूनच ती आली होती. “नांदेडला चालंल का हितंच यावं लागंल, तेवढं सांगा. बाकी समदं ठाऊक हाय मला.”

“सुरू करायचं नाही.”

रुद्राणी बघतच राहिली. “म्हंजे? उपेग न्हाई का?”

“अहो, गरज नाही. बघा ना तिच्याकडं. शिवम या वयात असा होता का?”

ऋतुजा टेबलावरचं पेन ओढत होती. मिळेना तशी ओरडली.

डॉक्टर सावकाश सांगू लागली. “बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं रक्त एका जनुकाच्या सांगण्यावर तयार होतं. जन्मल्यावर काही महिन्यांत ते बंद पडतं आणि मोठ्या माणसाचं जनुक काम हाती घेतं. हिचं मोठ्याचं जनुक बिघडलेलंच आहे. पण हिच्यात आणखी एक बिघाड आहे. आधीचं जनुक बंद करायचं काम ज्याच्याकडं असतं, तेच लंगडं आहे. त्यामुळं पोटातलं रक्त अजून तयार होतंय. त्याच्यावर पोरगी निभावतेय.”

बसम्मा पुढं सरकली. “बाळंतिणीच्या खाटंखाली शेगडी ठेवतेत बघा,” ती म्हणाली. “सव्वा महिना झाला की उचलतेत. हिची उचलायला माणूसच आलं न्हाई. असंच ना, बाई?”

डॉक्टरला हसू आलं. “आलं, पण अर्ध्याच ताकदीचं आलं. असंच.”

“अन् उद्या पुरं ताकदीचं आलं तर?” रुद्राणीनं घाईनं विचारलं.

“तसं होत नाही. ते जन्माचंच आहे. तापाला जपायचं, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मोठ्या आजारात एखाद्या वेळी रक्त लागेलही, ते मी लपवत नाही. पण महिन्याच्या महिन्याला नाही.”

रुद्राणीनं पदर तोंडाला लावला.

“ह्यो दुसरा बिघाड कुणाकडचा?” बसम्मानं विचारलं.

“तुमचा, आजी. शिवप्रसादकडून हिच्याकडं आला.”

“अन् पहिला?”

डॉक्टरनं कागदावरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. “तोही तुमच्याकडचाच. दोन्ही बाजूंनी.”

“हां.” बसम्मानं मान हलवली. त्या रेघांकडं बघत तिनं विचारलं, “मग शिवमला ह्यो दुसरा का न्हाई गावला?”

“प्रत्येक लेकराला आईबापाकडचं निम्मंच मिळतं. कुठलं निम्मं, ते कुणाच्या हातात नसतं. त्याच्या वाट्याला नाही आलं.”

डॉक्टरनं पेन ऋतुजाच्या हातात देऊन टाकलं.

बाहेर व्हरांड्यात येताच रुद्राणीनं नवऱ्याला फोन लावला. “मामा!” ती ओरडली. “मामा, रगत लागत न्हाई! हाव, खरंच! अव्वाला विचारा पाहिजे तर!”

लग्न झाल्यापासून तिनं शिवप्रसादला मामा म्हटलं नव्हतं. लाजेनं ‘अहो’ म्हणायची. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. बसम्मा खांबाला टेकली होती. ती तिथंच खाली बसली.

“काय झालं, अव्वा?”

“काय न्हाई गं. उभं राहून कट्टाळा आला.”

“आत तर लई डॉक्टरीण झाल्या होतात. शेगडी काय, खाट काय!”

“मग? बाईनं हाव म्हटलं की न्हाई?”

रुद्राणी हसली आणि हसता हसता रडायला लागली. बसम्मानं तिला रडू दिलं.

नांदेडच्या गाडीत दोघींना जागा मिळाली. लातूर मागं पडलं तशी रुद्राणी पेंगायला लागली. दोनदा तिचं डोकं खिडकीवर आपटलं.

“धरा हिला,” ती म्हणाली, आणि ऋतुजाला बसम्माच्या मांडीवर ठेवून तिनं डोळे मिटले.

पोर वजनदार होती. थोडी चुळबुळली, मग बसम्माच्या काखेत तोंड घालून झोपली. शिवम या वयाचा असताना हाताला लागायचाच नाही, इतका हलका होता. बसम्मानं पदर ओढून ऋतुजाच्या डोळ्यांवरचं ऊन अडवलं. पायाला मुंग्या आल्या, तरी तिनं पाय हलवला नाही.

अहमदपूर आलं. माणसं उतरली. कंडक्टर दोघींपाशी आला.

“आजी, उतरायचंय ना? का नांदेडला येता फिरायला?”

बसम्मा उठायला लागली. रुद्राणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मास्तर, गाडी हितं थांबती ना जरा?”

“च्या पिऊन येतो तवर.”

“मग पिऊन या निवांत,” रुद्राणी म्हणाली. “बसा, अव्वा. झोपलीय ती.”