एक्केचाळीस नंबरची विहीर

पाणी-तपासनीस आर्डिस नेल्सेथ दर वसंतात एल्डर क्रीक गावातल्या चाळीस विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायची, आणि त्यांच्यासोबत एक्केचाळिसावी बाटली लबाडीनं भरायची. लबाडी सरकारी होती, नियमात बसवलेली. किराणा दुकानातून इस्त्रीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणायचा, त्यातलं पाणी तसल्याच बाटलीत भरायचं, वर विहिरीसारखाच नंबर टाकायचा आणि बाकीच्या बाटल्यांत बेमालूम मिसळून द्यायचं. त्यात काही सापडल्याचं प्रयोगशाळेनं कळवलं, की समजायचं, बाटल्या तरी घाण आहेत नाहीतर तिथली माणसं तरी झोपा काढतात. अहवाल आला की ती ओळ खोडून मग यादी गावाला द्यायची.

एकोणीस वर्षं ती ओळ खोडत आली होती. विसाव्या वर्षी, नेमक्या यादीच्या दिवशी तिची दाढ ठणकायला लागली, ती गाल धरून दंतवैद्याकडे पळाली, आणि ओळ तशीच राहिली.

एप्रिलमधल्या गावसभेत अध्यक्षांनी यादी वाचायला घेतली. मालकांची नावं गुप्त असतात, फक्त नंबर आणि त्यापुढे शेणखतातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचा आकडा. दहापर्यंत चालतं, दहाच्या वर गेलं की काळजीचं. ज्याच्या विहिरीचा नंबर निघे तो छताकडे बघायला लागे, त्यामुळे गुप्ततेचं काय व्हायचं ते दर वर्षी होतच असे.

"एकोणचाळीस, चौदा. चाळीस, नऊ. एक्केचाळीस," अध्यक्षांनी कागद लांब धरला, मग जवळ घेतला. "शून्य."

छताकडे कुणीच बघेना. विस्कॉन्सिनच्या त्या टापूत, जिथे माणसांहून गाई जास्त आणि गाईंहून शेण जास्त, तिथे शून्य आकडा कुणी ऐकलेला नव्हता.

"ती माझी," लव्हर्न कुट्झ उठून म्हणाला. कुट्झ म्हणजे बेचक्याची काठी हातात धरून जमिनीखालचं पाणी दाखवणारा. बायबलावर नसेल एवढा त्याचा त्या काठीवर विश्वास. "म्हणजे माझ्या मालकीची नव्हे. पण दाखवली मी. चौऱ्याहत्तर साली. काठी अशी खाली ओढली गेली, की महिनाभर मनगट लचकलेलं होतं."

"कुणाच्या शेतात?" कुणीतरी विचारलं.

"ते कसं सांगू? नावं गुप्त असतात ना?"

आर्डिस तोवर खुर्चीतून अर्धी उठली होती. चूक झाली, ती विहीर नाहीच, एवढं सांगून मोकळं व्हायचं होतं. तेवढ्यात तिची नजर शेवटच्या रांगेत गेली. तिथे सेल्मर ब्रेके बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, सरळसोट, सभेला फक्त हॅम सँडविचसाठी येणारा. त्याचे कान लाल झाले होते.

या सेल्मरनं एकोणीस वर्षं तिला आपल्या विहिरीचा थेंब दिला नव्हता. त्याच्या आजोबांनी हातानं खणलेली चाळीस फुटी विहीर, वरच्या अंगाला त्याचंच शेत, त्यात पन्नास वर्षं शेणखताची गाडी फिरलेली. आकडा काय येणार हे आर्डिसला बाटली न भरताही सांगता आलं असतं. इतकी वर्षं तिनं फार मनावर घेतलं नव्हतं, कारण ते पाणी पिणारा एकटा सेल्मरच होता, आणि त्याला काही होईल असं गावात कुणाला वाटत नसे. पण मागच्या हिवाळ्यात त्याचा मुलगा आणि सून जोलीन त्याच्याकडे राहायला आले. मुलगा दुधाचा टँकर चालवत आठवडाभर बाहेर. जोलीनचे दिवस जूनअखेर भरत होते, आणि बाळाचं पावडरीचं दूध त्याच पाण्यात कालवलं जाणार होतं.

मार्चमध्ये आर्डिस मुद्दाम जाऊन सांगून आली होती. मोठ्यांना फार नाही होत, पण तान्ह्या बाळाच्या रक्तात ते नायट्रेट भिनतं, श्वास पुरत नाही, बाळ निळं पडतं. पाणी उकळलं तर आणखीच वाईट.

"ब्रेक्यांच्या चार पिढ्या या पाण्यावर वाढल्या," सेल्मर म्हणाला होता. "निळं कुणी पडलं नाही."

"तपासून बघायला काय जातं तुझं?"

"तपासलं की तुमच्या यादीत जातं. यादीत गेलं की कुट्झच्या तोंडात."

मालकाच्या सहीशिवाय बाटली भरता येत नाही. जोलीनला एकटीला गाठून विचारलं, तर ती म्हणाली, "आर्डिस, मला पाहिजेच आहे. पण आम्ही त्यांच्या घरात राहतो, आणि त्यांनी आमच्यासाठी स्वतःची खोली दिलीय. तुम्हीच काढा काही वाट."

तर आता सभेत आर्डिस अर्धी उभी, आणि सेल्मरचे कान लाल. कुणाचं तरी पाणी आपल्याहून चांगलं निघालं हे त्याला झोंबलंय, आणि झोंबलं तर तो बाटली भरूही देईल, असं तिला वाटलं.

"आर्डिस, काही सांगायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सँडविच शिल्लक आहेत का विचारत होते," आर्डिस म्हणाली आणि खाली बसली.

घरी गेल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. एकोणीस वर्षांत तिनं दशांशसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. तिच्या हातात एवढंच होतं, की गावाच्या पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापायची. ती तिनं छापली: एक्केचाळीस क्रमांकाचा नमुना विहिरीचा नसून तपासणीसाठी वापरलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पण छापणाऱ्यानं ती चौथ्या पानावर, फळझाडांच्या रोपांच्या जाहिरातीखाली टाकली, आणि चौथं पान गावात रुबार्बची भाजी गुंडाळायलाच वापरतात. कुणी वाचल्याचं दिसलं नाही. पशुखाद्याच्या दुकानात एक्केचाळिसाव्या विहिरीचा शोध जोरात चालू राहिला. लुथरन पंथाचे म्हणाले ती कॅथलिकांकडे आहे, कॅथलिक म्हणाले लुथरनांनी लपवलीय. कुट्झनं चौऱ्याहत्तर साल बदलून एकाहत्तर केलं, कारण चौऱ्याहत्तरला तो सैन्यात होता असं त्याच्या बायकोनं चारचौघांत सांगितलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सेल्मरचा फोन आला.

"तुझ्या बाटल्या उरल्यात का?"

"उरल्यात," आर्डिस म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

"मग ये. त्या एक्केचाळीसवाल्याची जिरवायचीय."

सांगावं का? आर्डिसनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. दुरुस्ती तर छापलीय, हा वाचत नसेल तर मी काय करू, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि ते ठरवणं तिला स्वतःलाच पटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती बर्फाची पेटी आणि बाटल्या घेऊन हजर झाली.

टाकीजवळचा नळ तिनं सोडला आणि नाक वर केलं.

"सेल्मर, इथे पोहायच्या तलावाचा वास येतोय."

सेल्मर धान्याच्या कोठारांकडे बघत राहिला.

"विहिरीत ब्लीच ओतलंस?"

"थोडंसं."

"किती थोडंसं?"

"दोन कॅन."

"परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं कॉपी लिहितात, तू ब्लीच ओतलंस. अरे, ब्लीचनं जंतू मरतात, नायट्रेट नाही मरत."

"मग ते कशानं मरतं?"

"मरत नाही. ते जिवंतच नसतं."

सेल्मरनं ब्लीचचा रिकामा कॅन उचलून त्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला एक उलट उत्तर तयार असतं, तो कॅनवरचं वाचत बसल्याचं आर्डिसला विचित्र वाटलं, पण तिला तोवर हसू आवरत नव्हतं. सगळं ब्लीच वाहून जाईपर्यंत नळ सोडून ठेव, मी आठवड्यानं येते, असं सांगून ती निघाली. निघताना अर्थातच कॉफी प्यावी लागली. या नोकरीतला हाच खरा धोका होता. घरोघरी त्याच पाण्याची कॉफी पुढे यायची, ज्याचा आकडा गावात फक्त तिला पाठ असायचा, आणि नको म्हटलं तर आकडा सांगितल्यासारखं व्हायचं. एकदा तिनं एकतीस नायट्रेटवाल्या घरात दोन कप पिऊन वर तोंडभरून कौतुकही केलं होतं. सेल्मरच्या कॉफीला त्या दिवशी धोबीघाटाची चव होती.

आठवड्यानं गेली तर सेल्मर टाय लावून नळापाशी उभा. आर्डिसनं हातमोजे चढवले, नळ सोडला आणि धारेत थर्मामीटर धरला. पाण्याचं तापमान स्थिर होईस्तोवर वाहू द्यायचं, म्हणजे नळीतलं शिळं जाऊन जमिनीतलं ताजं येतं. पंधरा मिनिटं गेली. सेल्मरनं एकदाही वाया चाललंय म्हणून कुरकुर केली नाही. ती बाटली भरत असताना त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. दारात जोलीन एक हात कमरेवर ठेवून उभी होती.

"कधी कळेल?" त्यानं विचारलं.

"दहा दिवसांत."

"लवकर नाही होत?"

"घाई काय आहे? एक्केचाळीसवाला कुठे पळून जातोय?" आर्डिस म्हणाली. जोलीन हसली. सेल्मर हसला नाही.

आकडा आला तेवीस.

आर्डिस कागद घेऊन गाडीनं निघाली. तेवीस सांगणं सोपं होतं, असे आकडे तिनं खूप सांगितले होते. पण आपण याला नसलेल्या विहिरीशी शर्यत लावून दिली, हे आज सांगायचंच होतं. मग हा म्हातारा तिला दाराबाहेर काढणार, आणि तेवीसचा कागदही तिच्यामागे भिरकावणार. रागाच्या भरात त्यानं तो आकडाच खोटा ठरवला तर बाळाचं काय, हीच तिला धास्ती होती.

स्वयंपाकघरात टेबलाशी सेल्मर आणि जोलीन बसले होते. कॉफी ओतून तयार.

"तेवीस," आर्डिस म्हणाली. "बाळाला हे पाणी चालणार नाही. थेंबभरही नाही."

जोलीननं पोटावर हात ठेवला. सेल्मर कप फिरवत राहिला.

"आणि सेल्मर, त्या एक्केचाळीस नंबरचं... ती विहीर नाही. ते..."

"इस्त्रीचं पाणी," सेल्मर म्हणाला. "ठाऊक आहे. पान चार, रोपांच्या जाहिरातीखाली."

आर्डिसनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"पत्रक आलं त्याच संध्याकाळी वाचलं. बारा वर्षं एकटा राहिलेला माणूस आहे मी. पॅनकेकच्या पुड्यावरचंसुद्धा सगळं वाचतो."

"पण तू फोन केलास तो त्यानंतर. विहीर नाहीच हे माहीत असताना जिरवायची कुणाची होती?"

सेल्मरनं खिडकीतून वरच्या शेताकडे बघितलं.

"मार्चमध्ये तू ते निळं पडायचं सांगून गेलीस. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही लागला. आता एकोणीस वर्षं तुला हाकलल्यावर फोन करून काय सांगायचं? मला भीती वाटतेय म्हणून? तोंडातून निघेना. दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला. मग सुचलं, जिरवायचीय म्हणावं. ते कसं, सवयीनं निघतं."

"आणि ब्लीच?"

"दुकानात विचारलं सगळ्यात जालीम काय आहे. ते म्हणाले, हे."

आपण त्याला कॉपी करणारं पोर म्हणालो होतो, हे आठवून आर्डिसला कानकोंडं झालं. या माणसाची मान पकडून गदगदा हलवावी असंही तिला वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडावं असंही. एल्डर क्रीकमध्ये दोन्हींची पद्धत नाही, म्हणून तिनं कॉफीचा घोट घेतला.

"कॉफी विहिरीच्याच पाण्याची आहे," सेल्मर म्हणाला. "तुझं वय झालंय, तुला काही होत नाही."

"कळलं. नवीन खोल बोअरचा अर्ज आणलाय मी. पण ते व्हायला शरद ऋतू उजाडेल. तोवर..."

सेल्मर उठला आणि कोठीच्या खोलीचं दार उघडलं. आत लोणच्यांच्या बरण्या खाली जमिनीवर उतरवल्या होत्या, आणि फळ्यांवर डिस्टिल्ड पाण्याचे कॅन ओळीनं मांडले होते. आर्डिसनं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"दुकानातले संपले," जोलीन म्हणाली. "बाबा आता पलीकडच्या गावाला जातात."

सेल्मरनं एक कॅन काढून टेबलावर ठेवला, आर्डिसच्या पुढ्यात.

"एवढं तपासून दे."

"सेल्मर, एकोणीस वर्षं मी हेच पाणी पाठवतेय. शून्यच येतं."

"ते तुझ्या कॅनचं आलं. हा माझ्या नातवंडाचा आहे."

आर्डिस उठली. गाडीतून पेटी आणली, हातमोजे चढवले, बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. चिकटपट्टीवर तिनं नंबर लिहिला, एक्केचाळीस. मालकाच्या रकान्यात ती दर वर्षी एक आडवी रेघ मारायची. आज तिचं पेन तिथे थांबलं.

"मालकाचं नाव काय लिहू?"

सेल्मरनं जोलीनकडे बघितलं.

"अजून ठरलं नाही," जोलीन म्हणाली.

"मग नुसतं ब्रेके लिही," सेल्मर म्हणाला. "आणि कुट्झला सांगू नकोस. शोधू दे त्याला."