विलासभाऊंच्या फळीवरचे पाच दिवस

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका दुकानाच्या फळीवर बसला आहात. तुम्हाला सगळे दिसते, सगळे ऐकू येते, पण बोलायला तोंड नाही. समोर एक चूक घडते आहे आणि तुम्ही गप्प. माझे तसेच झाले. मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चपटा होतो. आधी बिस्किटांचे पुडे वाहिले, मग रद्दीत पडलो. तिथून मला भोपाळच्या तुलसी नगरातल्या प्रमिलाआजींनी उचलले. आजी संक्रांतीला हलव्याचे दागिने करून विकतात. मंद आचेवर परात, त्यात खसखस, वरून थेंब थेंब पाक. चार दिवस बोटांनी हलवत राहायचे, तेव्हा कुठे दाण्यांना काटा येतो. बोटे मात्र पोळून निघतात. त्या वर्षी मुकुट, हार आणि इवलीशी बासरी माझ्यात ठेवून आजी म्हणाल्या, "नीट जा रे."

मागणी मोबाइलवरून आली होती, भोपाळमधल्याच अशोका गार्डन भागातल्या मंजूषाताईंची. बाळाचे पहिले बोरन्हाण होते. त्यांच्या गल्लीत कुरियर जात नाही, म्हणून मला विलासभाऊंच्या वह्या-पेनांच्या दुकानात ठेवले. पाच दिवसांत कोणी नेले नाही, तर मी परत जाणार होतो.

मंजूषाताईंची मुलगी सायली रोज शाळेतून येताना दुकानात यायची.

"बिटिया, मम्मीचा डब्बा पडलाय. घेऊन जा ना," विलासभाऊ म्हणायचे.

"उद्या पक्का, काका!"

मैत्रिणी बाहेर थांबलेल्या असायच्या. शिवाय घरात सगळे बाळाचेच चालले आहे, असेही तिच्या मनात होते. मी तिच्याकडे बघत राहिलो. फळीवरून खाली पडलो असतो, तरी तिने उचलले असते. तेवढेही मला जमले नाही.

पाचव्या दिवशी मी परत निघालो. आईने विचारले तेव्हा सायली म्हणून गेली, "काका म्हणाले, आलंच नाही."

बोरन्हाण लांबले. मंजूषाताईंनी पैसे परत मागितले.

आजींचा नातू अभिजीत चिडला. "आजी, हा बघ शिक्का. पाच दिवस दुकानात होतं. नेलं नाही, ही त्यांची चूक. नियमाने कुरियरचा खर्च कापून घे."

"त्या म्हणतात आलंच नाही. बाळाची आई खोटं कशाला बोलेल?"

"मग दुकानदार खोटा?"

"ते मला काय ठाऊक! तू पूर्ण पैसे पाठव. आणि फोन लाव, बोरन्हाणाचं काय झालं ते विचारते."

बोरन्हाण राहिलेच होते. रथसप्तमीला अजून दोन दिवस होते, तोवर ते करता येते. दुसऱ्या दिवशी आजी मला मांडीवर घेऊन रिक्षाने अशोका गार्डनला पोचल्या.

दार सायलीने उघडले. मला पाहून ती दारातच थबकली.

"अगंबाई, तुम्ही भोपाळच्याच!" मंजूषाताई म्हणाल्या. "आणि पैसे परत करूनही आलात?"

"पैशांचं राहू द्या. बाळाला दागिने घालू."

"त्या विलासभाऊंची कुरियरवाल्यांकडे तक्रारच टाकली आहे मी. पार्सल दाबून ठेवतात म्हणजे काय! आता त्यांचं हे काम बंद होईल."

सायलीने खाली बघितले. आजींच्या पोळलेल्या बोटांकडे तिची नजर गेली, मग माझ्यावरच्या शिक्क्याकडे.

"आई, तक्रार मागे घे," ती म्हणाली. "काका रोज सांगत होते. मीच नाही आणलं."

मंजूषाताईंनी फोन हातात घेतला. आजी सायलीला म्हणाल्या, "आधी बाळाला बसव. तोवर आई फोनवरून तक्रार मागे घेईल."

तक्रार मागे गेली. आजी नको म्हणत असतानाही सगळे पैसे पुन्हा त्यांना गेले, माझ्या परतीच्या भाड्यासकट. बाळाने मुकुट घातला आणि हार चाटला. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, गोळ्या ओतल्या. शेजारची मुले वेचायला तुटून पडली. सायलीही वेचत होती, पण तोंडात काही टाकत नव्हती.

मित्रांनो, माझे कोपरे आता दबले आहेत. तुमच्या भरवशावर कोणी काही ठेवले असेल, तर ते आजच आणा. ते ज्याने पाठवले, त्याची बोटे तुम्हाला दिसत नाहीत.

वेचलेली बोरे आणि गोळ्या सायलीने माझ्यात भरल्या, चपला घातल्या आणि मला छातीशी धरून ती एकटीच विलासभाऊंच्या दुकानाकडे निघाली.