लटारूभाऊ विचारत सुटले

पाहुणा जास्त बोलला तर माझी हरकत नसते. तो जास्त विचारायला लागला की माझे कान टवकारतात. आमचे हे म्हणतात, "रुखमा, तुले दूधवाल्याच्या हसण्यातही पाणी दिसते." दिसतं, कारण असतं.

त्या रविवारी आमच्या नूतनला पाहायला वैनगंगेच्या पलीकडून, मार्कंड्याच्या बाजूचे पाहुणे आले होते. मुलगा राजदीप, चामोर्शीला नोकरीला. त्याला वडील नाहीत, म्हणून बोलणी करायला मामा आले, लटारूभाऊ. पांढरी टोपी, गळ्यात निळा दुपट्टा आणि डोळे सारखे इकडून तिकडे. नूतन पोंभुर्ण्याच्या पतसंस्थेत काम करते. आजवर कोणत्याही मुलाचा फोटो दाखवला की ती "बघू" म्हणायची. राजदीपचा फोटो पाहून ती "येऊ दे" म्हणाली, आणि त्या दिवशी तिने साडीला स्वतः दोनदा इस्त्री केली. मला फार बरं वाटलं होतं.

आता आमच्या घराचं जे आहे ते सांगून टाकते. आमचा थोरला मुलगा प्रफुल सिकलसेलने गेला. या आजारात रक्तच बिघडतं आणि माणसाची हाडं आतून दुखतात. आजार आई-बाप दोघांकडून येतो. माझ्या आणि ह्यांच्या रक्तात तो अर्धा-अर्धा होता, आम्हाला पत्ताही नव्हता. प्रफुलच्या वाट्याला पुरा आला. नूतनमध्ये अर्धा आहे. अर्ध्याचा तिला स्वतःला काही त्रास नाही. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं की नवरा साफ असला तर चिंता नाही, पण अर्ध्याला अर्धा मिळाला तर होणाऱ्या लेकराला पुरा आजार होऊ शकतो. हे मला पाठ आहे. पण एकदा "त्या घरात सिकल हाये" असा बोभाटा झाला की पुढचं कोणी ऐकून घेत नाही. नूतनची दोन स्थळं अशीच परत गेली. तेव्हापासून प्रफुल तापाने गेला असंच आम्ही सांगतो.

मग समोरच्या मुलाचं रक्त तपासलंय का, हे विचारायचं कसं? जो विचारेल त्याच्याच घरात असणार, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. म्हणून कोणीच विचारत नाही. मुलगा साफच असेल असं धरून चालायचं. मीही धरलं होतं.

तर लटारूभाऊ बसले, पाणी प्यायले आणि सुरू झाले. पाणी विहिरीचं की बोअरिंगचं? बोअरिंगचं म्हटलं, तर त्याने भांड्यांना लाल थर येतो का? येतो म्हटलं, तर तांदूळ शिजताना पिवळा पडतो का? मी मनात म्हटलं, हा आमच्या खाण्यापिण्यातून काहीतरी शोधतोय. तांदळावरून गाडी धानावर गेली. धान घरचं का, बांधी किती, रोवणीला बाया गावातल्याच मिळतात का? म्हणजे जमीन मोजतोय, असं मी ठरवलं. पण जमिनीचं उत्तर धड ऐकून न घेता ते खिडकीच्या जाळीकडे वळले. जाळी वाघासाठी का? नाही, माकडांसाठी. माकडं छपरावरचे कवेलू फोडतात का? फोडतात. मग पावसाळ्यात गळतं का? गळल्यावर तुम्ही झोपता कुठे?

आमचे हे कौतुकाने सगळी उत्तरं देत होते. त्यांना वाटलं, किती चौकस माणूस. मला एवढंच कळत होतं की हा इसम जंगलात वाट चुकल्यासारखा दाखवतो, पण त्याला जायचंय एकाच ठिकाणी. थंडीत इथे गारठा फार असतो का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सावध झाले. प्रफुलचं दुखणं थंडीतच उसळायचं. हे ह्या माणसाला कोणी सांगितलं असेल? शेजारच्या इंदुताईचं माहेर त्यांच्याच बाजूचं. मी भिंतीपलीकडे असलेल्या इंदुताईला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

"गारठा तं साऱ्याइकडंच ऱ्हायते," मी तुटकपणे म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि त्यांची नजर पडवीतल्या सायकलकडे गेली. सायकल जुनी आहे, चाकांत हवा नाही. ही कोणाची? मुलाची. मुलगा कुठे असतो? मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे जमिनीकडे. तेव्हा मीच सांगितलं की मुलगा गेला. कशानं? तापानं. कसला ताप होता? मलेरिया. डोक्यात गेला. खोटं बोलताना मी थांबत नाही, थांबलं की पकडलं जातं.

"आनखी कोणाले काही?" लटारूभाऊंनी हळूच विचारलं. "म्हंजे रक्ताचं वगैरे?"

आलास, मी मनात म्हटलं. इतका वेळ पाणी, धान, माकडं करत शेवटी आलास मुक्कामाला. माझा संशय खरा ठरला याचा रागही आला आणि थोडी फुशारकीही वाटली. मी त्यांच्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं की आमच्या घरात असलं काही नाही, माहेरीही नाही आणि सासरीही नाही. पोरीला साधी सर्दी होत नाही.

लटारूभाऊंनी मोठा श्वास सोडला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. राजदीप मान खाली घालून बसला होता, त्याने मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंग सांगतो बाई," लटारूभाऊ म्हणाले. "मी मघापासून इकडंतिकडं फिरून राह्यलो, कारण तोंडून निघतच नोयतं. आमच्या राजदीपमंधी सिकल हाये, अर्धा. दोन ठिकाणी सांगतलं, दोन्हीकडून चहाबी न पेता उठा लागलं. पण पोट्टा म्हणते, लपवून लग्न करत नाई. तुमच्या घरी नाई म्हणता, तं आता फिकर नाई. तुमची ना नसंल तं तारीख काढू."

हे खुर्चीत ताठ झाले. माझ्या कानात नुसता सूं आवाज सुरू झाला. म्हणजे हा माणूस माझं काही शोधत नव्हता. आपलं सांगायला वाट शोधत होता, आणि ती वाट मी माझ्या खोट्याने त्याला साफ करून दिली होती.

स्थळ हातात आलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात आमचं घर आता तरबेज झालेलं. माझ्या मनाने लगेच हिशोबही मांडला की प्रत्येकच लेकराला थोडाच होतो, आपली नूतन नाही का वाचली. मला स्वतःची शिसारी आली. प्रफुल थंडीत गुडघे पोटाशी घेऊन पडायचा आणि मी विटा तापवून त्याचे पाय शेकायची. एकदा तो म्हणाला होता, आई, पायच तोडून टाक. तेव्हा मी विटा आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडले होते.

नूतन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला काहीच खुणावलं नाही. मी गप्प राहिले असते तर तीही राहिली असती, मी तिला तसंच शिकवलं होतं. तेच मला सहन झालं नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "मी खोटं सांगतलं. माहा प्रफुल सिकलनंच गेला. नूतनमंधीबी अर्धा हाये."

राजदीपने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून नूतनकडे पाहिलं. तिने ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. ह्यांना डोळे पुसताना मी पाहिलं. मी पदर सावरून बसले. आता हे लोक उठतील, संध्याकाळपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना कळेल, आणि जाताना लटारूभाऊ दोन शब्द ऐकवतील. मीही उलट ऐकवायची तयारी ठेवली होती.

लटारूभाऊ उठले नाहीत. त्यांनी टोपीची घडी मोडली, परत केली.

"कसा होता पोट्टा?" त्यांनी विचारलं.

सवयीप्रमाणे मी त्या प्रश्नातही काही काळंबेरं आहे का ते शोधलं. काही नव्हतं. प्रफुल गेल्यापासून लोकांनी कसला ताप, कुठल्या दवाखान्यात नेलं, हे सगळं विचारलं होतं. तो कसा होता हे कोणी विचारलं नव्हतं, कारण मीच कोणाला तिथपर्यंत येऊ दिलं नव्हतं.

तो बेसूर गायचा, मी म्हटलं. मग म्हटलं, कच्च्या चिंचा खायचा, माझं काही ऐकायचा नाही, माझ्या संशयी स्वभावाची नक्कल करून साऱ्या गल्लीला हसवायचा. आतून नूतनच्या रडण्याचा आवाज येत होता. तिच्याकडे जायला हवं हे मला कळत होतं, आणि तरी मी सांगतच होते.